उन्हाच्या मंडळींचा नाताळ

खानदेशात सूर्यस्नानाचा खरा हंगाम डिसेंबर. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे गेला की उघड्या अंगाने उन्हात बसा असे सांगणारा निसर्गोपचारक शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर आधी त्याच्या डोक्यावर मातीची पट्टी ठेवावी लागेल. दिवाळी उलटते, कपाशीची वेचणी अर्ध्यावर येते, सकाळी मेहरूण तलावावर धुके तरंगू लागते आणि मग आपल्या निसर्गोपचार मंडळाच्या जळगाव शाखेला जाग येते. तिकडे धुळ्याची मंडळी नकाणे तलावाच्या बांधावर स्वेटर काढावा की आणखी पाच मिनिटे थांबावे यावर चर्चा करत उभी असतात. आठच्या पुढे ऊन कोवळे असते तोवरच पाठ शेकून घ्यायची. नाताळच्या सुट्टीत मुंबई-पुण्याचे पाहुणेही येतात, त्यामुळे वर्षातली सर्वांत मोठी उपस्थिती याच आठवड्यात भरते.

फ्रान्समध्ये नेमके उलटे आहे. तिथली उन्हाची मंडळी जूनमध्ये बाहेर पडतात आणि सप्टेंबर संपला की दारे-खिडक्या लावून घेतात. त्यांचा नाताळ येतो तो ऐन बंद हंगामात.

मंडळाचा स्वतःचा इतिहास चिटणिसांनी या स्मरणिकेत स्वतंत्र लिहिला आहे. माझ्या वाट्याला आला तो आपल्या एका दूरच्या भाऊबंदांचा, म्हणजे फ्रान्समधील नॅचरिस्ट संस्थांचा. विषय कार्यकारिणीपुढे आला तेव्हा थोडा हशा पिकला, हे नोंदवून ठेवतो. “अहो, ते सगळे कपडे काढतात म्हणे!” होय, काढतात. आपणही काढतो, फक्त पंचापाशी थांबतो. या दोन थांब्यांमधले अंतर वाटते त्यापेक्षा कमी आहे, आणि दोन्हींची वाट काही ठिकाणी एकच होती.

वंशावळ काढायला बसले की पहिला पुरुष पॅरिसमध्ये सापडत नाही, ठाण्यात सापडतो. 1891 साली ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ नावाची संस्था काढली. जगातली पहिली ज्ञात नॅचरिस्ट संस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. सभासद तीन. एक स्वतः क्रॉफर्डसाहेब, पत्नी वारलेले गृहस्थ. दुसरे दोघे अँड्र्यू आणि केलॉग काल्डरवुड हे भाऊ, एका मिशनऱ्याचे चिरंजीव. कार्यक्षेत्र माथेरान. त्या काळी माथेरानला गाडी नव्हती, ती 1907 साली आली. नेरळहून घोड्यावर किंवा पालखीत वर जायचे. बंद गळ्याचे कपडे, टोपी, बूट असा सारा साहेबी थाट अंगावर घेऊन घाट चढायचा आणि वर बंगल्यात पोचल्यावर तो खुंटीला टांगायचा, असा हा उपक्रम. भर उन्हाळ्यात ठाण्याच्या कोर्टात लोकरी सूट घालून बसणाऱ्या माणसाला ही कल्पना सुचली, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही.

ही माहिती आपल्यापर्यंत आली ती क्रॉफर्ड यांनी एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला धाडलेल्या पत्रांमुळे. पुढची हकिगत दोन ओळींत संपते. साहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि संस्था विस्कटली. 1894 मध्ये ते वारले. ना घटना, ना दप्तर, ना वर्गणी, ना वारसदार. आपल्याकडच्या कितीतरी व्यायामशाळा आणि वाचनालये अशीच एका मामलेदाराच्या किंवा हेडमास्तरांच्या बदलीबरोबर बंद पडली. एका माणसाच्या हौसेवर चाललेली संस्था त्या माणसाच्या बिछान्याबरोबरच बांधली जाते.

पण पत्र ज्याला धाडले त्या कार्पेंटरचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1889 साली त्यांचे ‘सिव्हिलायझेशन: इट्स कॉज अँड क्युअर’ हे पुस्तक आले. सुधारणा हा माणसाला जडलेला एक आजार आहे आणि त्यावर उतारा म्हणजे उघडी हवा, साधे अन्न, अंगावर कमी ओझे, असा त्यांचा एकूण रोख. या विचारांनी ठाण्याच्या न्यायाधीशाचे कपडे उतरवले. आणि हेच पुस्तक पुढे गांधीजींनी वाचले. 1909 च्या ‘हिंद स्वराज’मध्ये कार्पेंटरचा उल्लेख आहे, आणि शेवटी वाचनासाठी सुचवलेल्या पुस्तकांच्या यादीतही हे पुस्तक आहे. दक्षिण आफ्रिकेत असतानाच गांधीजी जर्मन निसर्गोपचारक अडॉल्फ युस्ट यांचे ‘निसर्गाकडे परत चला’ असे सांगणारे पुस्तक वाचून पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवू लागले होते. युस्ट यांनी हार्झच्या डोंगरात युंगबोर्न नावाचे आरोग्यधाम काढले होते. तिथे पाणी, माती, हवा आणि ऊन हीच औषधे होती, आणि हवेत व उन्हात बसायचे ते अंगावर काही न घेता.

म्हणजे आपल्या मंडळाची माती आणि त्यांच्या क्लबांचे ऊन ही एकाच दुकानातून आलेली सामग्री आहे. गांधीजींनी 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराईत पंचा नेसला आणि तिथे थांबले. कारण वेगळे होते. गरिबाला पुरेसे कापड मिळत नाही, तर मी जास्त का घ्यावे, हा तो प्रश्न. युरोपात जे उघडे झाले त्यांच्याकडे कपडे मुबलक होते. हा फरक मला फार मोठा वाटतो. तो विसरून दोघांना एका ओळीत बसवणाऱ्यांशी माझा वाद आहे.

फ्रान्समध्ये ही चळवळ डॉक्टरांच्या हातून वाढली. पॉल कार्तों हे त्यातले एक मोठे नाव. क्षयरोगातून उठलेला हा डॉक्टर मांस, मद्य आणि साखर यांच्यावर तुटून पडे, ऊन-पाणी-व्यायाम यांचा हिशेब मांडे, आणि कट्टर कॅथलिक असल्यामुळे सामुदायिक नग्नतेला त्याचा सक्त विरोध होता. त्याचा मोठा ग्रंथ 1920 साली आला. आपल्या मंडळातले जुने सभासद कार्तोंच्या पंगतीत सहज बसले असते. साखरेवरून त्यांची बोलणी आम्ही सगळ्यांनी खाल्ली आहेत.

दुसरा प्रवाह मार्सेल किएने द मोंजो यांचा. यांच्या घरात क्षयाने माणसे गेली होती. 1926 मध्ये त्यांनी एक मासिक सुरू केले आणि पुढे एव्ह्रूजवळ ‘स्पार्टा क्लब’ उभा केला. कोर्टकचेरी झाली. खासगी जागा कुंपणाने नीट झाकलेली असेल तर आत काय घालायचे आणि काय नाही हा आतल्यांचा प्रश्न, ही भूमिका तिथे टिकली. गास्तों आणि आंद्रे द्युर्व्हिल हे डॉक्टर बंधू तिसरे. पॅरिसजवळ सेन नदीतल्या एका बेटावर त्यांनी 1928 च्या सुमारास ‘फिझिओपोलिस’ ही वसाहत केली, आणि 1931 मध्ये भूमध्य समुद्रातल्या लव्हाँ बेटावर ‘हेलिओपोलिस’ म्हणजे सूर्याचे गाव वसवले.

या हेलिओपोलिसमध्ये पूर्वी गावातून फिरताना एक छोटा त्रिकोणी कपडा बांधावा लागे. त्याला ते लोक ‘मिनिमम’ म्हणत. फोटो पाहिला की आपल्या तालमीतला कोणीही पैलवान सांगेल, हा लंगोट आहे. जो कपडा इथे आखाड्यात उतरण्याचा गणवेश, तोच तिथे बाजारात जाण्याचा.

त्याच 1931 च्या डिसेंबरात गांधीजी गोलमेज परिषद आटोपून परतताना पॅरिसला उतरले होते. 5 तारखेला त्यांची तिथे सभा झाली. बाहेर युरोपातला हिवाळा, अंगावर पंचा, चादर आणि पायात चपला. ज्या देशात उघडे राहण्यासाठी डॉक्टर, मासिके आणि वकील यांची फौज लागत होती, त्या देशात हा माणूस भर थंडीत कोणाची परवानगी न घेता तसाच हिंडून आला.

महाराष्ट्रात या सगळ्याची वार्ता आणणारे एक गृहस्थ होते, रघुनाथ धोंडो कर्वे. ते 1919 मध्ये गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले आणि येताना गणितापेक्षा बरेच काही घेऊन आले. 1927 च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि 1953 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत एकहाती चालवले. उघड्या शरीरात लाजण्यासारखे काही नाही, असे ते स्वच्छ मराठीत लिहीत आणि मुखपृष्ठावर नग्नचित्रे छापत. खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तरी दंड भरावा लागलाच. पेठेतल्या घरांत हा अंक उशीखाली ठेवून वाचला जाई असे म्हणतात. खानदेशातही वेगळे काही घडत असेल असे मानायला जागा नाही.

आता मुख्य संस्थेकडे येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944 मध्ये, आल्बेर आणि क्रिस्तीन लकॉक या दांपत्याने ‘क्लब द्यु सोलेय’ म्हणजे ‘सूर्य क्लब’ काढला. आधीच्या पुढाऱ्यांशी त्यांचे पटले नव्हते. डॉक्टर, सरदार आणि पंथप्रमुख यांच्या हातातली चळवळ या जोडप्याने साध्या नोकरदार कुटुंबांकडे नेली. शहराशहरांतून शाखा निघाल्या. ‘व्ही ओ सोलेय’ हे मासिक सुरू झाले. 1950 मध्ये फ्रेंच नॅचरिझम फेडरेशन उभे राहिले आणि त्याच उन्हाळ्यात अटलांटिक किनाऱ्यावर, बोर्दोच्या वायव्येला मोंतालिव्हे येथे सुट्टीचे केंद्र उघडले.

मोंतालिव्हेची जागा कशी मिळाली, हे आपल्या जागा समितीने वाचावे. तो भाग पाइनच्या जंगलाचा. 1949 च्या उन्हाळ्यात लांद प्रदेशातल्या वणव्यांनी हाहाकार उडवला, एका आगीत 82 माणसे गेली. मोंतालिव्हेच्या आसपासचे पाइनही जळून कोळसा झाले होते. लाकूड नाही, डिंक नाही, त्यामुळे ग्रामपंचायतीचे उत्पन्नही बुडालेले. अशा वेळी लकॉक यांनी ती जागा भाड्याने मागितली. गावाला भाड्याची गरज होती, यांना एकांत हवा होता. नीतीचा प्रश्न कोणी काढलाच असेल तर तो जमाखर्चाच्या वहीत विरघळला. राखेतून सुरू झालेले हे केंद्र दीडशेहून अधिक हेक्टरांवर पसरले. तंबू आले, मग लाकडी घरे आली. 1953 मध्ये आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट फेडरेशनची स्थापनाही इथेच झाली.

पण उन्हाळ्यावर जगणाऱ्या संस्थेला हिवाळ्याचे काय, हा प्रश्न सुटत नाही. अटलांटिकवरून वारा सुटतो, पाऊस आडवा येतो, लाकडी घरांना कुलपे लागतात. सभासद लील, पॅरिस, लियों अशा शहरांत परतलेले. आठ महिने कोणी कोणाला भेटले नाही तर पुढच्या जूनमध्ये निम्मे परत येत नाहीत. हा अनुभव आपल्यालाही आहे, फक्त आपले आठ महिने फेब्रुवारीअखेर सुरू होतात.

त्यांनी यावर दोन उपाय केले. एक म्हणजे मासिक, जे पावसाळी जानेवारीतही दारात येऊन पडे. दुसरा उपाय गरम पाण्याचे तलाव. शहरातला सार्वजनिक जलतरण तलाव नेहमीची वेळ संपल्यावर भाड्याने घ्यायचा. पॅरिसच्या बाराव्या विभागात रॉजे ल गाल नावाचा महापालिकेचा तलाव आहे. तिथली संघटना तो आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळी घेते. बाहेर कोट-मफलर घातलेली रांग, दारावर ओळखपत्र दाखवायचे, आत कपाटात सगळे ठेवायचे आणि खांद्यावर टॉवेल टाकून निघायचे. टॉवेल हा या मंडळींचा एकमेव सक्तीचा कपडा आहे. बाकावर, खुर्चीवर, कुठेही बसायचे तर आधी आपला टॉवेल अंथरायचा. हा नियम मोडणाऱ्याला नवखा समजतात. आपल्या शिबिरात सतरंजीवर तेल लावलेल्या अंगाने बसणाऱ्यांसाठी मी हा नियम सुचवून ठेवतो.

वर्षअखेरीची भेटगाठ होते ती अशाच संध्याकाळच्या आगेमागे. आणि इथे वाचकाची जी उत्सुकता ताणली गेली असेल तिची मी निराशा करणार आहे. नॅचरिस्टांचा वेगळा असा नाताळ नाही. वेगळा विधी नाही, वेगळा देव नाही, वेगळे गाणे नाही. बाकीच्या फ्रान्सचा जो नाताळ तोच त्यांचा, फक्त घर जरा जास्त गरम ठेवलेले. मला या संस्थेबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. कार्तों आणि द्युर्व्हिल यांच्या काळी हा पंथ होण्याचा पुरेपूर धोका होता. आहार वेगळा, गाव वेगळे, बोलणेही वेगळे. सणही वेगळे झाले असते तर ती मंडळी आज चार म्हाताऱ्यांपुरती उरली असती. लकॉक यांनी कुटुंबे आत घेतली आणि कुटुंबाबरोबर आजी, सासू, पोरांचा हट्ट आणि नाताळ हे सगळे आपोआप आले.

24 डिसेंबरच्या रात्रीचे जेवण म्हणजे ‘रेव्हेयाँ’. मोंतालिव्हे ज्या जिरोंद जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात आर्काशोंची खाडी आहे आणि तिथले कालव फ्रान्सभर जातात. नाताळ ते नववर्ष हा कालवांच्या विक्रीचा सर्वांत मोठा हंगाम. जाड हातमोजा घालून, बोथट सुरीने शिंपल्याची बिजागरी फोडायची, आतले खारे पाणी सांडू द्यायचे नाही, वर लिंबू पिळून तसाच गिळायचा. बाकी अंगावर काही नसले तरी हातमोजा मात्र सुटत नसणार, असे मला वाटते. मग खच्ची केलेला पोसलेला कोंबडा, आणि शेवटी ‘ब्यूश’ म्हणजे लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराचा केक. पूर्वी त्या रात्री चुलीत खराच मोठा ओंडका घालत. चुली गेल्या, शेगड्या आल्या, तेव्हा हलवायांनी ओंडका खाण्याजोगा केला. वर काट्याने साल ओरबाडल्यासारख्या रेघाही काढतात. मांस, मद्य, साखर, कार्तोंने ज्या तीन गोष्टींशी जन्मभर भांडण केले त्या तिन्ही एका टेबलावर.

याच जिरोंदमध्ये लिबूर्न नावाचे गाव आहे. फ्रान्सच्या टपाल खात्याने 1962 मध्ये सांताक्लॉजच्या नावाने येणाऱ्या पत्रांना उत्तरे देण्याचे कार्यालय सुरू केले, ते पुढे या गावात आले. पहिले उत्तर लिहिले फ्रान्स्वाज दोल्तो या नामांकित मानसतज्ज्ञ बाईंनी. खात्याचे मंत्री त्यांचे भाऊ होते. आजही दरवर्षी दहा लाखांहून जास्त पत्रे येतात आणि प्रत्येकाला उत्तर जाते. आपल्याकडे टपाल खात्याने पंढरपूरला विठोबाच्या नावाने असे एक टेबल मांडले तर काय होईल, याचा विचार करून पाहावा.

सांताक्लॉजचे फ्रान्समध्ये सगळे सुरळीत चालले होते असे मात्र नाही. 1951 च्या 23 डिसेंबरला दिजों शहरात चर्चच्या काही मंडळींनी त्याचा पुतळा कॅथिड्रलच्या जाळीला टांगून शेकडो लोकांसमोर जाळला. हा अमेरिकेहून आलेला पाखंडी आहे, येशूचा सण याने पळवला, असा आरोप. क्लोद लेव्ही-स्त्रोस या मानववंशशास्त्रज्ञाने त्यावर पुढच्याच वर्षी एक गाजलेला लेख लिहिला. मोंतालिव्हे सुरू होऊन तेव्हा दुसराच हिवाळा चालला होता. उघड्या माणसांच्या वसाहतीकडे काणाडोळा करणारे फ्रेंच एका पूर्ण कपडे घातलेल्या म्हाताऱ्याला जाळून मोकळे झाले.

दक्षिणेत थाट वेगळा. लव्हाँ बेट इयेर नगरपालिकेच्या हद्दीत येते, म्हणजे प्रोव्हांस प्रांतात. बेटाचा बहुतेक भाग आता लष्कराकडे आहे. क्षेपणास्त्रांच्या चाचण्या एका अंगाला आणि सूर्याचे गाव दुसऱ्या अंगाला. उन्हाळी गर्दी ओसरली की गावात थोडी कायमची माणसे उरतात आणि किनाऱ्यावरून बोटी कमी होतात. प्रोव्हांसमध्ये नाताळ सुरू होतो 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी. बशीत ओला कापूस पसरायचा, त्यावर गहू पेरायचे आणि रोज पाणी शिंपडायचे. नाताळपर्यंत कोवळे हिरवे अंकुर वर आले तर पुढचे साल चांगले जाणार. नवरात्रात घट बसवणाऱ्या कुठल्याही खानदेशी बाईला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. ती फक्त एवढेच विचारील की कापसावर कशाला, काळी माती मिळत नाही का तिथे?

24 च्या रात्री टेबलावर एकावर एक तीन पांढऱ्या चादरी. सात पदार्थ, सगळे बिनमांसाचे: भाज्या, मासे, गोगलगायी. मग तेरा गोड पदार्थ. येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा. त्यातल्या चार सुक्या मेव्यांना ‘चार भिक्षेकरी’ म्हणतात: अंजीर, मनुका, बदाम, अक्रोड. चार भिक्षू-संघांच्या झग्यांच्या रंगांवरून ही नावे आली. शिवाय पांढरा आणि काळा नुगा, ऑलिव्हच्या तेलातली गोड रोटी, फळे. रोटी सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात. एक ताट जास्तीचे मांडतात, दारात कोणी गरीब आला तर त्याच्यासाठी. कार्तों या टेबलावर बऱ्यापैकी शांतपणे बसला असता. आपले लोकही बसतील. तेव्हा सरसकट ‘फ्रेंच नाताळ’ असे काही नसते, जिरोंदचा वेगळा आणि इयेरचा वेगळा.

नाताळातल्या खाण्यापिण्याबद्दल गांधीजींचे मत कडक होते. पॅरिसहून स्वित्झर्लंडला लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटून ते ब्रिंडिसीहून ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले. 1931 चा 25 डिसेंबर समुद्रावर उगवला. त्या दिवशी बोटीवरच्या मंडळींसमोर ते येशूवर बोलले. ज्याचे आयुष्य एवढ्या त्यागाचे, त्याच्या नावाने चैन कशी होते, हे त्यांना कधी जुळवता आले नाही. तीन दिवसांनी ते मुंबईला उतरले आणि आठवड्याभरात तुरुंगात गेले.

पाच वर्षांनी, 1936 मध्ये, ते याच दिवसांत आपल्या खानदेशात होते. काँग्रेसची अधिवेशने सुरुवातीची बरीच वर्षे डिसेंबरच्या शेवटी भरत, कारण पुढारी बहुतेक वकील आणि कोर्टांना नाताळची सुट्टी. फैजपूरचे अधिवेशन 27 आणि 28 डिसेंबरला झाले, खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्या साहित्यातून अधिवेशनाचे टिळकनगर सजवले. खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन गांधीजींनी नाताळच्या दिवशीच उघडले. रावेर-यावल पट्ट्यात त्या आठवड्यातल्या रात्री काय असतात ते केळीवाल्यांना विचारा. थंडी दहाच्या खाली उतरली की केळीची वाढ खुंटते, मग शेतकरी बागेच्या कडेने कचरा पेटवून रात्रभर धूर करतात. अशा थंडीत पंचातला तो म्हातारा पहाटे प्रार्थनेला बसत असे. आपल्या मंडळाच्या आद्य सभासदांपैकी काहींनी हे लहानपणी पाहिले होते आणि पुढे आयुष्यभर सांगितले.

मंडळाने फ्रेंच संस्थेकडून काय घ्यावे, असे कार्यकारिणीने मला लेखात मांडायला सांगितले आहे. कपड्यांच्या बाबतीत काही नाही. जळगावात ते जमणार नाही आणि धुळ्यात तर नाहीच. घ्यायचा तो बंद हंगाम सांभाळण्याचा धडा. त्यांना हिवाळा अवघड, आपल्याला उन्हाळा. मार्च ते जून आपले सभासद कुठे असतात हे चिटणिसांनाही ठाऊक नसते. एखादी पत्रिका, महिन्यातून एक संध्याकाळची बैठक, तलावावर पोहण्याची सकाळ, काहीतरी हवे. नाहीतर क्रॉफर्डसाहेबांच्या रत्नागिरीची बदली आपल्याकडे दरवर्षी मार्चमध्ये होते.

बंद हंगामाचा खर्च निघतो तो माणसे जमवणाऱ्या सणातून, हे त्यांनाही कळले आहे आणि आपल्यालाही. वर्षाचे ओळखपत्र नवे करण्याचे पैसे गोळा करायचे तर ते माणसे एकत्र असतानाच. आपल्याकडे ही वेळ म्हणजे नाताळच्या सुट्टीतले भरीत. शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर हिरवी-पांढरी भरताची वांगी करपेपर्यंत भाजायची, साल सोलून गर लाकडी भांड्यात ठेचायचा. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि तेल इतके की निसर्गोपचाराचे नाव काढू नये. सोबत कळण्याची भाकरी. या दिवशी आहारतज्ज्ञ सभासदांना बोलण्याची मुभा नसते, हा ठराव कधीच्या काळी मंजूर झाला असून तो अद्याप कोणी मागे घेतलेला नाही. खजिनदार चुलीच्या अलीकडे पावतीपुस्तक घेऊन बसतात. आधी वर्गणी, मग पत्रावळ.